लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात? आधी हँडबॅग भरा, मग लाडू

पत्र असं आलंय:

"नमस्कार ताई, मी कराडची, वय ५८. लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, नोव्हेंबरच्या मध्यावर तिची पहिली डिलिव्हरी आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशात निघालोय, ८ ऑक्टोबरचं तिकीट आहे, मुंबई-दुबई-न्यूयॉर्क, परत येणं २ एप्रिलला. व्हिसा दहा वर्षांचा मिळालाय. ह्यांना शुगर आहे, बारा वर्षं बाटलीचं इन्सुलिन चालू आहे. इंग्रजी वाचता येतं पण बोलायची भीती वाटते. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, इंद्रायणी तांदूळ असं सगळं काढून ठेवलंय. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी एक पुडकं न्यायला सांगितलंय, नाही म्हणता येत नाहीये. रात्री झोप लागत नाही, कुठे काय चुकेल असंच डोक्यात चालू असतं. सांगाल का काही?"

ताई, सगळ्यात आधी अभिनंदन, आजी होताय! आणि झोप लागत नाही त्याचं मला अजिबात नवल वाटलं नाही, माझ्या आईचंही असंच झालं होतं, निघायच्या आधी आठवडाभर ती रात्री दोन वाजता उठून बॅगा उघडून बघायची. पण तुमचं पत्र परत परत वाचलं तेव्हा एक गोष्ट जाणवली, की लेकीसाठी काय न्यायचं याची यादी तुमची तयार आहे, पण तुम्हा दोघांसाठी काय लागेल ते त्यात कुठेच नाहीये. ह्यांच्या इन्सुलिनबद्दल जेमतेम एक ओळ, आणि बॅगेत नुसते लाडू, अळीव, तांदूळ. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते, लाडवांकडे नंतर येऊ.

इन्सुलिन. हे नीट वाचा आणि ह्यांनाही वाचून दाखवा. आपल्याकडे जे बाटलीचं इन्सुलिन मिळतं ते बहुतेक ४० युनिटवालं असतं, म्हणजे एक एमएलमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत बाटली १०० युनिटची. आता समजा तिथे गेल्यावर बाटली संपली किंवा फुटली, जावईबापूंनी धावपळ करून तिथली बाटली आणली आणि ह्यांनी सवयीप्रमाणे आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरली, तर पोटात जाणार किती? अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! शुगर इतकी खाली येईल की माणूस बेशुद्ध पडेल, आणि घरातल्या कुणाला कळणारही नाही का पडला ते, कारण सिरिंजवर तर २० च होते. म्हणून निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा की सहा महिन्यांसाठी इन्सुलिन पेनवर, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनवर, जाता येईल का, पेनचं कार्ट्रिज आपल्याकडेही १०० चंच असतं, त्यामुळे हा घोळ होत नाही. पेन नको असेल तर लागतील तेवढ्या आपल्या सिरिंज आणि आपल्याच बाटल्या न्या आणि दोन्हीची जोडी कधीही मोडू नका.

आणि हे सगळं हँडबॅगेत. चेक-इनच्या बॅगेत इन्सुलिन टाकायचं नाही, खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजायचं. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवूनही ठेवू नका, मधे रुमाल घाला. सिक्युरिटीला घाबरू नका, हँडबॅगेत पातळ पदार्थ १०० एमएलपर्यंतच, हा नियम औषधाला लागत नाही, फक्त डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन जवळ हवं, आणि त्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. क्रोसिन म्हटलं तर तिथे कुणाला कळणार नाही, पॅरासिटामॉलला सुद्धा तिकडे अॅसिटामिनोफेन म्हणतात. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत सुट्या करून नको. साधारण तीन महिन्यांपर्यंतचं औषध स्वतःसाठी नेलं तर तिथे हरकत घेत नाहीत, तुमचा मुक्काम त्याहून मोठा आहे तेव्हा पुढचं कसं करायचं हे लेकीशी आत्ताच बोला, जानेवारीत गोळ्या संपल्यावर नको. आणि प्रवासाच्या दिवशी घड्याळ साडेनऊ तास मागे जाणार आहे, त्या दिवशीचं इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने घेऊ नका.

हे इतकं पोटतिडकीने का सांगतेय तर आमच्या घरी झालंय. २०१६ ला आई-बाबांना भावाकडे घेऊन गेले होते, बाबांची बीपीची आणि थायरॉइडची औषधं आईने "हँडबॅग जड होते" म्हणून मोठ्या बॅगेत ठेवली, आणि ती नेमकी एक बॅग मधल्या विमानतळावर राहिली, तीन दिवस आलीच नाही. रविवार होता. डॉक्टर विचारतेय कुठली गोळी, आणि बाबा सांगतायत सकाळची पिवळी आणि रात्रीची अर्धी. मी त्याचं इंग्रजीत काय भाषांतर करणार? शेवटी कराडला, हो तुमच्याच कराडला, आमच्या मामाला मध्यरात्री उठवलं, त्याने मेडिकलवाल्याला उठवलं, त्याने वहीत बघून नाव सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, औषधं, कागद, चष्मा आणि एक जोडी कपडे हे खांद्यावर, बाकी काय हरवायचं ते हरवू दे. सगळ्या प्रिस्क्रिप्शनचे फोटो तुमच्या फोनमध्येही आणि लेकीच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

इन्शुरन्सचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. काढलाय ना? नसेल तर निघायच्या आधी काढाच. तिथे सरकारी दवाखाना, सिव्हिल हॉस्पिटल असा प्रकार पाहुण्यांसाठी नसतो, एक रात्र अॅडमिट झालं तरी बिल लाखांत जातं. पॉलिसी घेताना ह्यांची शुगर लपवू नका, एजंट म्हणेल "लिहू नका, प्रीमियम वाढेल", ऐकू नका, क्लेमच्या वेळी तेच कारण काढून पैसे नाकारतात. आणि एजंटला दोनच प्रश्न विचारा, आधीपासून असलेल्या आजाराने अचानक त्रास झाला तर कव्हर आहे का आणि किती पर्यंत, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम देणारा प्लॅन आहे की एकूण बिलावर देणारा. ठरलेल्या रकमेवाला स्वस्त असतो पण मोठ्या बिलापुढे त्यातून काहीच होत नाही. तिथे गेल्यावर साधा ताप, पाय मुरगळणं असलं काही झालं तर अर्जंट केअर म्हणतात त्या छोट्या दवाखान्यात जायचं, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नाही, बिलात खूप फरक पडतो. छातीत दुखलं, माणूस बेशुद्ध झाला तर मात्र विचार न करता ९११.

आता शेजारच्या काकूंचं पुडकं. नाही म्हणा, ताई. मला माहितीय की वर्षानुवर्षांचा शेजार आहे, पण नाही म्हणा. २०१९ मध्ये मुंबईचं एक नवं जोडपं दोह्याला गेलं होतं, घरातल्याच एका नातेवाईक बाईंनी ट्रिपचा खर्च केला आणि जाताना एक पाकीट दिलं, त्यात चरस निघाला. त्या जोडप्यातली बायको गरोदर होती, मुलगी तिथे तुरुंगात असतानाच जन्मली. दहा वर्षांची शिक्षा लागली होती, इथून खूप प्रयत्न झाल्यावर २०२१ मध्ये निर्दोष सुटून ती दोघं परत आली. तुमच्या काकू तसल्या नाहीत हे मीही मानते, पण त्या पुडक्यात मसाला असला तर त्यात दुबईत बंदी असलेली खसखस आहे की नाही हे त्यांना तरी ठाऊक असेल का? विमानतळावर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का, तेव्हा खरं उत्तर देता आलं पाहिजे. काकूंना सांगा की आमचंच वजन जास्त होतंय, हे खोटंही नाही कारण साधारण माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो एवढंच असतं, तुमच्या तिकिटावर लिहिलेलं असेल ते बघून घ्या आणि घरीच काट्यावर तोला. फारच वाईट वाटत असेल तर मुलाच्या आवडीचं काय ते विचारा आणि तिथे गेल्यावर घेऊन द्या.

आणि खसखस निघालीच आहे तर लाडवांवर येते. तुमच्या डिंकाच्या लाडवात खसखस घातलीय का? बहुतेक घातली असेलच, आपल्याकडे त्याशिवाय कुठे होतात. पण तुम्ही दुबईवरून जाताय आणि युएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थात धरतात, सापडली म्हणून लोक आत गेलेत. नुसतं विमान बदलायचं असलं तरी हँडबॅग तिथे परत स्कॅन होते आणि कधी विमान चुकलं, रद्द झालं तर सामान घेऊन बाहेर पडायची वेळ येऊ शकते. तेव्हा खसखस ना लाडवात, ना गोड्या मसाल्यात, ना पुडीत. झालेले लाडू इथेच वाटून टाका आणि न्यायचेच असतील तर बिनखसखशीचे थोडे करा.

खोबऱ्याच्या वाट्या पण बॅगेतून बाहेर काढा, सुक्या खोबऱ्यात तेल असतं म्हणून ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि चेक-इन बॅगेत चालत नाही, मुंबईलाच बॅग उघडायला लावतील. तांदूळ तर मुळीच नको. आपल्याकडच्या धान्यात खापरा नावाचा किडा असतो, तो तिकडे पसरू नये म्हणून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणूच देत नाहीत, एक किलो असो नाहीतर पाच. कढीपत्ता नको, ताजी फळं-भाज्या नकोत, बी-बियाणं नको, मांस-मासळी नको, सुकटसुद्धा राहू दे. एप्रिल-मेमध्ये जाणारी मंडळी हापूस लपवून नेतात ना, तेही चूकच, अमेरिकेत आपला आंबा जातो तो लासलगाव-वाशीसारख्या ठिकाणी विकिरण करून पेटीबंद झालेलाच.

आणि खरं सांगू? एडिसनला तुमच्या लेकीच्या घरापासून जवळच ओक ट्री रोड आहे, तिथे डिंक, अळीव, खारीक, खोबरं, गूळ, तूप, तांदळाचे दहा प्रकार, सगळं मिळतं. साड्यांची दुकानं आहेत, चाटच्या गाड्यांसारखी दुकानं आहेत. तुम्ही तिकडे जाऊन तिच्या ओट्यावर लाडू वळा, घरभर तुपाचा वास सुटेल तो तिला दुकानातल्या कुठल्या डब्यातून मिळणार आहे? तुमच्या हाताचं म्हणून न्यायचंच असेल तर मेतकूट, भाजणी, चटण्या, घरचा मसाला, लोणचं न्या, पॅकिंग घट्ट करा, वर इंग्रजीत नाव लिहा. लोणचं-तूप मोठ्या बॅगेत.

उतरल्यावर विचारतील की खायचं काही आणलंय का. इथे आपली बरीच माणसं घाबरून "नो" म्हणतात आणि तीच सगळ्यात मोठी चूक. "येस, स्वीट्स, स्पायसेस, पिकल" असं सरळ सांगायचं. सांगितलेली वस्तू नियमात बसत नसेल तर ते काढून घेतात आणि जाऊ देतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर पहिल्या वेळेलाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय पुढच्या फेऱ्यांनाही बॅग उघडली जाऊ शकते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर बोलायची भीती वाटते म्हणालात. तो माणूस तीन-चारच प्रश्न विचारतो, कशाला आलात, कुणाकडे, किती दिवस, पैसे किती आणलेत. खरं आहे तेच, थोडक्यात. लेकीला भेटायला आलोय, तिला बाळ होणार आहे, २ एप्रिलला परत जाणार, हे तिकीट. एवढंच. घाबरून पाठ केलेलं लांबलचक बोलू नका, आणि आपण प्रेमाने म्हणतो ना "तिच्याकडे सगळं काम मीच करणार, बाळाला सांभाळणार", ते तिथे बोलायची गरज नाही कारण "काम" शब्द ऐकला की त्यांना नोकरीचा संशय येतो आणि टुरिस्ट व्हिसावर नोकरी चालत नाही. तुम्ही नोकरी करायला चाललाच नाही आहात, भेटायला चाललाय, हेच खरं आहे. प्रश्न नाही कळला तर "प्लीज, स्लोली" म्हणा किंवा हिंदी दुभाषा मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका कागदावर लेकीचं नाव, पत्ता, दोघांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी कागद असतो. दोघांकडे एकेक, बरं का, एकच करून ह्यांच्या खिशात नको.

व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून एकदा गेल्यावर वाटेल तेवढं राहता येतं असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. किती राहायचं ते तो खिडकीवरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या ऑनलाइन रेकॉर्डमध्ये असते. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लेकीला ती उघडून बघायला सांगा. तुमचं २ एप्रिल सहा महिन्यांच्या आतच बसतंय, पण "बाळ अजून लहान आहे, राहा की महिनाभर" असा आग्रह होणार, तेव्हा ही तारीख लक्षात ठेवा. एक दिवस जरी जास्त राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो, आणि सहा महिन्यांहून जास्त बेकायदा राहिलं तर तीन वर्षं बंदी, वर्षभर राहिलं तर दहा वर्षं.

अजून एक, तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा, आपल्याकडे बायकांची माहेरची-सासरची दोन दोन नावं असतात आणि तिकीट काढणारा घाईत भलतंच टाकतो. पासपोर्टची मुदत परत येऊन वर काही महिने उरतील इतकी असू दे.

पैशांचं थोडक्यात सांगते. बँकेत जाऊन किंवा अॅपवर कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या, तो मुळात बंद असतो. तिथे मशीन विचारेल रुपयात की डॉलरमध्ये, डॉलरच निवडायचं, रुपयात केलं की रेट वाईट लावतात. थोडे सुटे डॉलर जवळ ठेवा. दोघांचे मिळून दहा हजार डॉलरच्या वर कॅश असेल तर जाहीर करावी लागते, तुम्ही तेवढी नेणार नाही पण माहीत असू दे. आणि इथला सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, रोमिंग चालू करून मग निघा. ह्यांची पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला लक्षात आहे का? तुम्ही तेव्हा तिथे असणार. जीवन प्रमाणचं चेहरा दाखवून करायचं अॅप आहे, पण तुमच्या बँकेला किंवा ट्रेझरीला ते चालतं का हे आत्ताच विचारून या, नाहीतर डिसेंबरात पेन्शन अडकते आणि तिकडून फोन करत बसावं लागतं. पॉवर बँक हँडबॅगेतच, आणि ज्या विमानाने जाल त्याचे नियम बघा, एमिरेट्सने तर ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केलीय.

ह्यांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा, फुकट असते. नुसतं इंग्रजी येत नाही म्हणून मात्र मागू नका असं माझं प्रामाणिक मत आहे, खरंच चालता न येणारी माणसं मग तासभर ताटकळतात. दुबईला हिंदी बोलणारा स्टाफ पावलोपावली भेटतो, गेट नंबर बोर्डवर बघायचा आणि विचारत विचारत जायचं, जमेल तुम्हाला.

तिथे पोचल्यावरच्या दोन-तीन गोष्टी, ज्या कुणी आधी सांगत नाही. बाळाला हॉस्पिटलमधून घरी आणताना मांडीवर घेऊन बसता येत नाही, कारमध्ये बाळाचं सीट लागतं, कायदाच आहे. जीव कासावीस होतो, बाळ रडत असतं आणि आपण शेजारी बसून हात लावण्यापलीकडे काही करू शकत नाही, पण काढायचं नाही. फोडणी करताना एक्झॉस्ट लावा नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. आणि शेगडी-धुरी. ताई, मला माहितीय तुमच्या मनात असणार, बाळाच्या आंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी, बाळंतिणीला शेक. तिथल्या बंद घरात कोळसा पेटवायचा नाही म्हणजे नाही, नुसता अलार्म-फायर ब्रिगेडचा प्रश्न नाही, कोळशाचा विषारी वायू बंद खोलीत साचतो आणि त्याला वासही नसतो. थंडीत खिडक्या उघडता येत नाहीत. शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्या. मालीश खुशाल करा. बाळगुटी मात्र तिथल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको.

थंडीचे कपडे इथून ढीगभर घेऊ नका, एक चांगलं जॅकेट आणि बंद बूट न्या, बाकी तिथे लेकीबरोबर जाऊन घ्या.

आणि या आठवड्यात एक काम करा, बाकी सगळ्याच्या आधी. तुमच्या डॉक्टरांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्र लस) आणि फ्लू या दोन लसींचं विचारा. नवजात बाळाजवळ राहणाऱ्या आजी-आजोबांनी त्या घ्याव्यात असं तिकडचे डॉक्टर सांगतात, डांग्या खोकला मोठ्या माणसाला साधा वाटतो पण बाळाच्या जिवावर बेततो. बाळाला हातात घ्यायच्या निदान दोन आठवडे आधी त्या झालेल्या हव्यात, आणि बाळ कधी आठवडाभर आधीच येतं, तेव्हा इथूनच घेऊन निघा. दोघांनीही. पोचल्यावर बाळाचं नाव काय ठेवलं ते मला नक्की कळवा.